गर्भस्थ बालकाचें मूत्र : सुश्रुताचा एक श्लोक, वरदातीरींचा बोपदेव व आजची सोनोग्राफी

गर्भांत असतां बालक मूत्र करितें कीं नाहीं, हा प्रश्न इतिहाससंशोधनाच्या त्रैमासिकांत कां यावा, असें वाचकांस प्रथमदर्शनीं वाटणें साहजिक आहे. परंतु या प्रश्नास आपल्या जुन्या ग्रंथांत दोन निरनिराळीं उत्तरें मिळतात, तीं एकमेकांशीं जुळत नाहींत, आणि तीं ज्या दोन परंपरांतून आलीं त्या दोन्ही परंपरा एका वऱ्हाडी पंडिताच्या अभ्यासांत एकत्र आलेल्या आहेत. शिवाय यांपैकीं एका उत्तरावर विसंबून प्रस्तुत लेखकानें स्वतःच्या घरांत एक चूक केली. ती सांगितल्यावांचून हा लेख लिहिणें प्रामाणिकपणाचें होणार नाहीं. म्हणून ती यथास्थळीं सांगेन.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांतील दुसरा अध्याय शुक्रशोणितशुद्धीचा आहे. त्याच्या अखेरीस, गर्भाविषयीं कोणाहि माणसास पडाव्या अशा शंकांचें समाधान करणारे दोन-तीन श्लोक लागोपाठ येतात. गर्भ रडत कां नाहीं, तर त्याचें तोंड जरायूनें झांकलेलें व कंठ कफानें वेढलेला असतो म्हणून. त्याचे श्वासोच्छ्वास, हालचाल व झोंप हीं मातेच्या श्वासोच्छ्वासानें, हालचालीनें व झोंपेनें होतात. आणि यांच्या आधींच्याच श्लोकांत असें म्हटलें आहे कीं, गर्भस्थ बालक वात, मूत्र व पुरीष यांचें विसर्जन करीत नाहीं; कारण त्याच्या ठायीं मल अल्प असतो, व वायु आणि पक्वाशय यांचा योग घडलेला नसतो. हा श्लोक मीं सोळाव्या वर्षीं पाठ केला. पुढें शाळेंत संस्कृत शिकवितांना पंचमीनें हेतु कसा दाखवितात याचें उदाहरण म्हणून तो कितीदां फळ्यावर लिहिला असेल याची गणती नाहीं. तो खरा कीं खोटा हा विचार मात्र त्या सर्व वर्षांत एकदांहि मनांत आला नाहीं.

प्रथम श्लोकास न्याय दिला पाहिजे. त्यांत तीन विधानें आहेत, आणि त्यांतील दोन आजहि बहुतांशीं टिकतात. गर्भांत अधोवायु सुटत नाहीं हें उघड आहे, कारण आंतड्यांत हवा शिरते ती जन्मानंतर. पुरीषाचेंहि तसेंच. बालकाच्या आंतड्यांत जो काळपट हिरवा चिकट मळ सांठतो तो सामान्यतः जन्मल्यावरच बाहेर पडतो; गर्भांतच पडला तर बालकाच्या जिवास धोका असूं शकतो, म्हणून आजचे डॉक्टर सावध होतात. राहिलें मूत्र. तेथें श्लोक चुकला. पण ‘मल अल्प असतो’ हा जो हेतु दिला आहे तो कांहीं अगदींच पोकळ नाहीं. गर्भाच्या रक्तांतील मळ वारेंतून मातेच्या रक्तांत जातो व मातेचीं मूत्रपिंडें तो बाहेर टाकितात. रक्तशुद्धीच्या कामासाठीं गर्भास स्वतःच्या मूत्रपिंडांची गरज जवळजवळ नसते. दोन्ही मूत्रपिंडें मुळींच नसलेलें बालक गर्भांत अखेरपर्यंत जिवंत राहूं शकतें. ज्यानें ‘मल अल्प’ म्हटलें त्यानें या व्यवस्थेचें एक टोंक बरोबर धरलें होतें. मळ नाहीं म्हणून मूत्रहि नाहीं, हें अनुमान त्यास सरळ वाटलें. आणि मूत्राचें मळ वाहून नेण्यापलीकडे दुसरें कांहीं काम असूं शकेल ही कल्पना त्या काळीं येण्यास कांहीं आधारच नव्हता.

आधार कां नव्हता, तेंहि ग्रंथांतच दिसतें. आपल्या वैद्यकांत वृक्क म्हणून जीं दोन इंद्रियें सांगितलीं आहेत, तीं रक्त व मेद यांच्या प्रसादापासून होतात असें सुश्रुत म्हणतो. चरकानें विमानस्थानांत स्रोतसांचीं मूलें सांगतांना वृक्क हे मेदोवह स्रोतसांचें मूल म्हणून दिले, आणि मूत्रवह स्रोतसांचें मूल म्हणून बस्ति व वंक्षण यांचीं नांवें घेतलीं. शार्ङ्गधरानेंहि वृक्कांकडे पोटांतील मेदाचें पोषण करण्याचें काम दिलें. म्हणजे ज्या इंद्रियांतून मूत्र झिरपतें त्यांची मूत्राशीं गांठच घातली गेली नाहीं. मग बस्ति भरतो कसा? सुश्रुताच्या अश्मरीनिदानांत त्याचें उत्तर एका सुंदर दृष्टान्तानें दिलें आहे. नवें मातीचें मडकें गळ्यापर्यंत पाण्यांत बुडवून ठेविलें असतां जसें तें अंगच्या बारीक छिद्रांतून भरतें, तसा बस्ति सूक्ष्म नाड्यांच्या मुखांतून भरतो. बस्तीचें वर्णनहि तेथें भोंपळ्याच्या आकाराचा, पातळ त्वचेचा, एकाच द्वाराचा व अधोमुख असें नेमकें आहे. मुतखड्यावर शस्त्रक्रिया करणाऱ्यांचा तो ग्रंथ. बस्ति त्यांनीं हातानें चांचपलेला होता. वृक्कांच्या बाबतींत तसा हात पोंचला नाहीं. पश्चिमेकडे गॅलननें जनावरांच्या मूत्रवाहिन्या दोऱ्यानें बांधून मूत्र वृक्कांकडूनच येतें हें दाखविलें, आणि गर्भ मूत्र करितो हेंहि मान्य केलें. परंतु तें नाभीकडे जाणाऱ्या नळीनें वेगळ्या पिशवींत सांठतें, असें गाई-मेंढ्यांत दिसणारें त्यानें माणसासहि लावलें. मनुष्याच्या गर्भांत तशी मूत्राची पिशवी नसते.

आतां गर्भाभोंवतींच्या पाण्याकडे वळूं. आपल्या बायका या पिशवीस पाणमोट म्हणतात. ‘पाणमोट फुटली’ म्हटलें कीं सुईणीस बोलावणें गेलें, हा वऱ्हाडांत घरोघरचा अनुभव होता. विहिरीवरची मोट ज्यांनीं पाहिली आहे त्यांस हा शब्द किती चपखल आहे हें सांगावयास नको. या पाण्याविषयीं वैद्यकांत एक विधि आहे, व त्याकडे माझें लक्ष फार उशिरां गेलें. बालक जन्मल्यावर सैंधव घातलेलें तूप देऊन त्यास वांति करवावी, असें चरक व वाग्भट दोघेहि सांगतात. आणि कशाची वांति, तर गर्भांतील पाण्याची, असें वाग्भट स्पष्ट म्हणतो. (हा विधि आज कोणी करूं नये, नवजात बालकास तो अपायकारक आहे.) बालकाच्या पोटांत तें पाणी आहे याचा अर्थ त्यानें तें गिळलेलें आहे. तेव्हां गर्भ पाणी पितो एवढें तरी आपल्या वैद्यांस ठाऊक होतें. प्यालेलें पाणी जातें कोठें, हा पुढचा प्रश्न त्यांनीं विचारल्याचें मला आढळलें नाहीं. विचारला असता तर त्या श्लोकास बाध आला असता.

वैद्यांचें उत्तर हें असें. दुसरें उत्तर पुराणांचें. श्रीमद्भागवताच्या तिसऱ्या स्कंधांतील एकतिसाव्या अध्यायांत कपिलमुनि देवहूतीस जीवाची गर्भांतील दशा सांगतात. जंतूंनीं भरलेल्या विष्ठामूत्राच्या खड्ड्यांत तो पडलेला असतो, मातेनें खाल्लेल्या तिखट-खारट पदार्थांनीं त्याचें कोंवळें अंग पोळतें, इत्यादि. हेंच चित्र समर्थांनीं दासबोधाच्या तिसऱ्या दशकाच्या पहिल्या समासांत, जन्मदुःखनिरूपणांत, मराठींत उभें केलें. दासबोधाच्या पोथ्या आमच्या भागांत इतक्या विपुल सांपडतात कीं, हा समास कानावरून न गेलेला जुना वऱ्हाडी मनुष्य विरळा. या वर्णनाचा हेतु शारीर शिकविण्याचा नाहीं, वैराग्य उपजविण्याचा आहे. त्यांतील मूत्र मातेचें आहे, बालकाचें नव्हे. तरीहि गर्भ मूत्रांत बुडालेला आहे असें कोणी म्हटलें असेल तर तें या पौराणिकांनीं, आणि वैद्यांनीं नाहीं.

हीं दोन्ही मतें ज्याच्या हाताखालून गेलीं असलींच पाहिजेत असा पुरुष म्हणजे बोपदेव. तो वैद्य केशवाचा पुत्र, धनेशाचा शिष्य, व वरदेच्या म्हणजे आपल्या वर्धा नदीच्या तीरींचा राहणारा. अमरावती जिल्ह्याची पूर्व सीमा हीच नदी आंखते. देवगिरीच्या महादेव व रामचंद्र या यादवांच्या कारकीर्दींत हेमाद्रीच्या आश्रयास राहून त्यानें ग्रंथ लिहिले. मुग्धबोध व्याकरणामुळें त्याचें नांव बंगालपर्यंत गेलें. पण आम्हांस प्रस्तुत त्याचे दुसरे दोन वर्ग पाहिजेत. वैद्यकांत शतश्लोकी, हृदयदीपक निघंटु व पित्याच्या सिद्धमंत्रावरील टीका. आणि भागवतावर हरिलीला व मुक्ताफल. हरिलीला म्हणजे भागवताची अध्यायवार अनुक्रमणीच. ती करणाऱ्यानें तिसऱ्या स्कंधाचा एकतिसावा अध्याय वाचला नाहीं असें म्हणतां येत नाहीं, आणि वैद्याच्या मुलास सुश्रुताचें शारीर अपरिचित होतें असेंहि म्हणतां येत नाहीं. (भागवतच बोपदेवानें रचलें, हें एके काळचें मत आतां कोणी जाणता धरीत नाहीं, त्याची चर्चा येथें नको.) त्याचा आश्रयदाता हेमाद्रि यानेंहि एका हातानें मुक्ताफलावर कैवल्यदीपिका व दुसऱ्या हातानें अष्टांगहृदयावर आयुर्वेदरसायन लिहिलें. त्याच देवगिरीस, यांच्या थोडें आधीं, सिंघणाच्या पदरीं असलेल्या शार्ङ्गदेवानें संगीतरत्नाकराच्या पहिल्याच अध्यायांत पिंडोत्पत्तीचें प्रकरण घातलें आहे. नाद देहांतून निघतो, देह गर्भांत घडतो, म्हणून गाणाऱ्यासहि गर्भ ठाऊक पाहिजे, अशी त्याची संगति. तेराव्या शतकांतील या मंडळींस गर्भाविषयीं जिज्ञासा नव्हती असें कोणीं म्हणूं नये. परंतु मूत्राच्या प्रश्नावर दोन मतें शेजारीं ठेवून त्यांची मीमांसा त्यांच्यापैकीं कोणीं केल्याचें मीं वाचलेल्या ग्रंथांत नाहीं. ब्रह्मसूत्रांत विरोध दिसला तर दहा पानें लिहिणारे लोक येथें स्वस्थ राहिले. याचें कारण माझ्या मतें असें कीं, वैद्यक व पुराण यांचीं क्षेत्रें वेगळीं मानलीं गेलीं, आणि दोहोंपैकीं एकासहि गर्भांत डोकावून पाहण्याचें साधन नव्हतें.

साधन येण्यापूर्वींच श्लोकास पहिला मोठा धक्का बसला तो शवविच्छेदनानें. १९४६ सालीं शिकागोच्या एडिथ पॉटर या विदुषीनें मूत्रपिंडेंच नसलेल्या बालकांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्या भोंवतीं पाणमोटेंत पाणी जवळजवळ नसतें, चेहरा चेपलेला असतो, आणि फुप्फुसें वाढलेलीं नसतात, त्यामुळें तीं जन्मतांच दगावतात. मूत्रपिंड नाहीं तेथें पाणी नाहीं, या साहचर्यावरून तें पाणी मुख्यत्वें बालकाच्या मूत्राचें आहे हें दिसूं लागलें. व्यतिरेकव्याप्तीचें याहून चांगलें उदाहरण मला न्यायाच्या पुस्तकांत मिळालें नाहीं.

मग १९५८ सालीं ग्लासगोचे इयन डोनाल्ड, जॉन मॅकव्हिकार व टॉम ब्राउन यांचा लेख ‘लॅन्सेट’ पत्रांत आला, आणि कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून उदरांतील वस्तूंचें चित्र काढतां येतें हें वैद्यकास कळलें. हीच पुढें सोनोग्राफी. तिच्यांत एक मौज आहे. ध्वनि हाडावरून जोरानें परततो म्हणून हाड पांढरें दिसतें; मांसावरून थोडा थोडा परततो म्हणून तें करडें दिसतें; आणि स्वच्छ पाण्यांतून तो परततच नाहीं, म्हणून पाणी काळें दिसतें. बालकाच्या देहांत पाण्यानें भरलेली काळी जागा म्हणजे मुख्यतः मूत्र व जठर. सारांश, ज्या मूत्राचें अस्तित्वच आमच्या श्लोकानें नाकारलें, तें या यंत्रास इतर बहुतेक गोष्टींपेक्षां सोपें दिसतें. १९७० सालीं ऑस्ट्रेलियांत गॅरेट व त्यांचे सहकारी यांनीं पुटकुळ्यांनीं भरलेलीं मूत्रपिंडें जन्मापूर्वीं ओळखल्याचें प्रसिद्ध केलें. १९७३ सालीं लंडनांत स्टुअर्ट कॅम्बेल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गर्भाचा मूत्राशय पुनःपुन्हां मोजून तो कसा भरतो व रिता होतो यावरून मूत्राचें मान काढलें. तिसाव्या आठवड्यास तें ताशीं सुमारें १० मिलिलिटर व पूर्ण दिवसांस त्याच्या दुपटीहून अधिक निघालें. साधारण बाराव्या-तेराव्या आठवड्यापासून मूत्राशय पडद्यावर दिसूं लागतो, आणि गर्भारपणाच्या उत्तरार्धांत पाणमोटेंतील बहुतेक पाणी बालकाच्या मूत्राचेंच असतें. बालक तें गिळतें, पुन्हां मूत्ररूपानें टाकितें, पुन्हां गिळतें. भागवतकारांचें मूत्र खरें ठरलें, पण मातेचें नव्हे. आणि ती नरकयातना नसून त्याच पाण्यानें फुप्फुसें वाढतात व हातपाय मोकळे हालतात.

हें एकदां कळल्यावर मूत्रेंद्रियांचे जन्मजात दोष जन्मापूर्वीं ओळखण्याची सर्व रीत त्यावर उभी राहते. पाणी फार कमी असलें तर मूत्र बनत नाहीं किंवा बाहेर पडत नाहीं. मूत्रपिंडांतील पोकळी दुसऱ्या तिमाहींत ४ मिलिमीटर, किंवा तिसऱ्या तिमाहींत ७ मिलिमीटर भरली, तर पुढें मूत्र अडत आहे काय हें पाहावें लागतें. असें फुगणें शंभर गर्भांत एकापासून पांचांत आढळतें, व त्यांतील बरेंचसें आपोआप निवळतें. म्हणून घाबरण्याचें कारण नसतें, पण फिरून पाहण्याचें असतें. दोन्हींतील भेद मला तेव्हां कळला नाहीं.

२०१४ सालीं माझी पुतणी गरोदर होती. विसाव्या आठवड्याच्या तपासणींत बालकाचें डावें मूत्रपिंड थोडें फुगलेलें दिसलें, आणि बत्तिसाव्या आठवड्यास पुन्हां पाहावें व जन्मानंतर बालकाची तपासणी करावी असें अहवालांत लिहून आलें. वहिनींनीं कागद माझ्यापुढें ठेविला. घरांत संस्कृत जाणणारा मी एकटा, आणि आयुर्वेदावर दोन व्याख्यानें दिलेलीं. मीं श्लोक म्हणून दाखविला व म्हटलें कीं, गर्भ मूत्रच करीत नाहीं, मग तें तुंबेल कोठून? यंत्राच्या छायेंत असें कांहीं तरी दिसतच असतें. वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही म्हणतां तर असेल.” बत्तिसाव्या आठवड्याची तपासणी राहिली. बाळंतपण खेड्यावर, आजोळीं, सुखरूप झालें. मुलगा धट्टाकट्टा होता, म्हणून जन्मानंतरचेंहि कोणाच्या ध्यानांत राहिलें नाहीं. सातव्या महिन्यांत त्यास मोठा ताप आला, मूत्रांत पू निघाला, आणि मग कळलें कीं डाव्या मूत्रपिंडाखालीं, जेथें मूत्रवाहिनी सुरू होते तेथें, वाट अरुंद होती. शस्त्रक्रिया करून वाट मोकळी केली. मूत्रपिंड राहिलें, पण त्याचें काम उजव्याच्या मानानें पुष्कळ कमी आहे. आधीं आणलें असतें तर अधिक वांचलें असतें काय, असें मीं विचारलें. डॉक्टर म्हणाले, “कदाचित्.” वहिनींनीं याविषयीं मला आजतागायत एक शब्द बोलून दाखविलेला नाहीं.

त्यानंतर मीं सुश्रुत पुन्हां वाचावयास घेतला, आणि या लेखांतील बहुतेक गोष्टी त्या वाचनांत हातास लागल्या. आपल्या ऋषींस सोनोग्राफीवांचून सर्व दिसत होतें असें म्हणणारे गृहस्थ सभांतून भेटतात. त्यांस मीं आतां हा श्लोक विचारतों. ग्रंथकारांस दिसत नव्हतें. त्यांनीं अनुमान केलें, कारणें दिलीं, व तीन अनुमानांत एक चुकलें. हें त्यांच्याविषयीं हीन बोलणें नव्हे. चूक ग्रंथकारांची दीड-दोन हजार वर्षांपूर्वींची होती. २०१४ सालची चूक माझी.

जननेंद्रियांच्या दोषांविषयीं ग्रंथांची स्थिति याहून बरी आहे, आणि कांहीं ठिकाणीं तर आश्चर्य वाटावें अशी. चरकानें शारीरस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत द्विरेता, वातिकषण्डक व इतर मिळून स्त्रीपुरुषभेदाच्या विकृतींचे आठ प्रकार सांगितले. त्यांचीं कारणें बहुतेक आईबापांच्या आचरणांत शोधलेलीं आहेत, व तीं आज कोणास पटणारीं नाहींत. परंतु चौथ्या अध्यायांत तो निराळीच वाट धरतो. बीजाच्या ज्या भागापासून गर्भाशय व्हावयाचा तो भाग दूषित झाला तर अपत्य वंध्या होतें. त्या भागाचाहि एखादा अवयवच दूषित झाला तर निराळा परिणाम. आणि स्त्रीत्व देणाऱ्या भागांचा अंश बिघडला तर दिसावयास स्त्री पण पूर्ण स्त्री नव्हे अशी ‘वार्ता’ जन्मते. पुरुषाच्या बाजूनें तसाच ‘तृणपुत्रिक’. म्हणजे इंद्रियाचा दोष बीजांतील तेवढ्याच भागाच्या दोषापासून, हा विचार. यांत आजचें आनुवंशिक शास्त्र आहे असें मी म्हणत नाहीं. वरच्या अनुभवानंतर तसें म्हणण्याचा मला अधिकारहि नाहीं. पण प्रश्न योग्य ठिकाणीं विचारलेला आहे एवढें खास.

येथें आमच्या प्रांतांत सोनोग्राफीस एक कुलूप आहे, व तें असावयासच पाहिजे. मूत्रमार्गाच्या आरंभीं पडद्यासारखी झडप असून मूत्र अडणें हा दोष केवळ मुलग्यांत होतो. अमेरिकेंतील ह्यू यंग यांनीं १९१९ सालीं त्याचें नीट वर्गीकरण केलें. पडद्यावर मूत्राशय मोठा फुगलेला व खालीं मान रुंदावलेली, कुलपाच्या छिद्रासारखी आकृति दिसते. अशा बालकाचा मूत्राशय गर्भांतच मोकळा करण्याचे प्रयत्न १९८१ सालापासून सॅन फ्रान्सिस्कोस मायकेल हॅरिसन यांनीं आरंभिले. पहिलें बालक वांचलें नाहीं, पुढें कांहीं वांचलीं. आतां पाहा, डॉक्टरानें ‘झडप’ हा शब्द उच्चारला कीं बापास कळलें, मुलगा आहे. आणि कायद्यानें गर्भाचें लिंग शब्दानें, खुणेनें वा दुसऱ्या कोणत्याहि रीतीनें सांगण्यास बंदी आहे. असा कायदा महाराष्ट्रानें देशांत प्रथम १९८८ सालीं केला. केंद्राचा १९९४ सालीं होऊन १ जानेवारी १९९६ पासून अमलांत आला, व २००३ सालीं गर्भधारणेपूर्वीं लिंग निवडण्यासहि त्यानें अटकाव केला. प्रत्येक गरोदर स्त्रीच्या तपासणीस ‘एफ’ नमुना भरावा लागतो. त्यांत मला लिंग जाणावयाचें नाहीं असें ती लिहून देते, व मीं तें पाहिलें नाहीं आणि सांगितलें नाहीं असें तपासणारा. जननेंद्रियांचा दोषच शोधावयाचा असतां ‘पाहिलें नाहीं’ हें वाक्य किती अवघड आहे हें वाचकांच्या ध्यानांत येईल. विवेकी डॉक्टर अशा वेळीं ‘मूत्राशयाच्या मुखाशीं अवरोध’ एवढेंच बोलेल, व उपचारास तेवढें पुरतें.

कायदा कडक आहे, कांहींस जाचक वाटतो; पण २००१ च्या जनगणनेंत महाराष्ट्रांत सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागें ९१३ मुली होत्या, त्या २०११ सालीं ८९४ झाल्या. आंकड्यांपुढें तक्रार लंगडी पडते. अमरावतीस ज्यास लोक अजून डफरीन म्हणतात व अकोल्यास लेडी हार्डिंग म्हणतात, तीं स्त्री-रुग्णालयें काय आणि गल्लींतील खासगी दवाखाने काय, सोनोग्राफी जेथें होते तेथें ‘येथें गर्भलिंगनिदान केलें जात नाहीं’ अशा आशयाची पाटी लावावीच लागते. शिलालेख वाचण्याची संवय असल्यामुळें मी ती पाटी दर वेळीं पूर्ण वाचतों. कशाची मनाई करावी लागते त्यावरून त्या काळीं काय चाललें होतें तें कळतें, हा नियम ताम्रपटांस लागतो तसा या पाटीसहि लागेल.

पोथ्या जमविणाऱ्यांचा येथें थेट संबंध येतो. वैद्यकाच्या बाडांत पुत्र होणार कीं कन्या याचीं लक्षणें हमखास सांपडतात: उजव्या स्तनांत आधीं दूध येणें, चालतांना उजवा पाय प्रथम टाकणें, वगैरे, आणि त्यांच्या शेजारीं पुंसवनाचे योग. लिंग व्यक्त होण्यापूर्वीं ते करावे, असें चरकाचें सांगणें. हीं पानें जाळूं नयेत व लपवूंहि नयेत. तीं इतिहासाचीं साधनें आहेत. परंतु तीं ‘प्राचीन सिद्ध प्रयोग’ म्हणून सुटीं छापून वांटणारे संग्राहक मीं पाहिले आहेत, व तें मला मान्य नाहीं. छापावयाचीं तर बाडाचा काळ, लेखक, पाठभेद यांसह व तें फळत नाहीं हें स्पष्ट लिहून छापावीं.

शेवटीं एक विनंति. सुश्रुताचा हा श्लोक मराठी वैद्यांनीं आपल्या बाडांत उतरून घेतला होता काय, व घेतला असल्यास त्यावर मराठींत कांहीं टीप आहे काय, हें मला पाहावयाचें आहे. गर्भपाण्याच्या वांतीचा विधि व हा श्लोक एकाच बाडांत जवळजवळ आलेले असतील तर तें फारच महत्त्वाचें. एखाद्या सुईणीचें ऐकून एखाद्या वैद्यानें समासांत शंका लिहून ठेविली असेल, असें मला राहून राहून वाटतें. वर्धा, पूर्णा व मोर्णा यांच्या कांठच्या गांवांतून ज्यांच्या संग्रहीं वैद्यकाचीं सुटीं पानें असतील त्यांनीं तीं चाळून पाहावीं. माझ्या स्वतःच्या वहींत, विद्यार्थिदशेंत उतरलेल्या त्या श्लोकाशेजारीं, समासांत आतां तांबड्या शाईनें ‘मूत्राविषयीं असत्य’ एवढें लिहिलें आहे, व खालीं मुलाच्या शस्त्रक्रियेची तारीख घातली आहे.